मोरीच्या गुळण्या

"रात्री अकराला गुळण्या करत जाऊ नका ओ, आमचं बाळ दचकतंय." तळमजल्यावरच्या काकांनी हे मला भर जिन्यात, दूधवाल्यासमोर सुनावलं. दूधवाला हसला. ते हसू अजून सलतंय.

गुळण्या मी नाही, मोरी करत होती. ऑगस्टात सांगलीत मोरी बोलली की माणूस आधी आयर्विन पुलाची पातळी बघतो. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. कृष्णा फुगली की गटारं उलटी वाहतात. पण पाणी बरंच खाली होतं, म्हणजे रोग घरातलाच.

ज्याचं पाणी सोडलं त्याच सिंकमधून गुडगुड आली तर खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅप (सिंकखालचं बाटलीसारखं भांडं) हातानं फिरवून काढायचा. चहाचा चोथा आणि गोठलेलं तूप निघतं. आमची मोरी मात्र वरच्यांनी फ्लश ओढला की बोलायची. उभ्या पाइपातून पाणी धबधबत खाली जाताना मागून हवा लागते. ती गच्चीवरच्या व्हेंटमधून, म्हणजे पाइपाच्या वरच्या उघड्या टोकातून मिळाली नाही, तर पाइप जवळच्या नहाणी ट्रॅपमधून (मोरीच्या जाळीखालच्या पाणी साठणाऱ्या भांड्यातून) ओढून घेतो. गुळणी होते ती तिथं. ट्रॅपमधलं जेमतेम 50 मिलिमीटर पाणी वास आणि झुरळं अडवतं. तेच असं खेचलं गेलं की पाहुण्यांसमोर नाक मुठीत. (ॲसिड ओतून यातलं काही सुधारत नाही, फरशी तेवढी जाते.)

चेंबर उघडलं. तुंबलेलं असतं तर मेन लाइनमध्ये पट्टी घालावी लागली असती. पाणी मोकळं वाहत होतं. म्हणून गच्चीवर गेलो. काका मागोमाग.

व्हेंटच्या तोंडावर कडक टोपण, वर एम-सीलचा थर.

"हे कुणी केलं?"

"म्याच की! डास येत्यात. जाळी बांधा म्हणून सांगून गेलीवती माणसं."

"जाळी, काका. टोपण नव्हे."

"जाळीतनं बारका डास जातोय की ओ."

"आणि हवा?"

"हवा हाय की गच्चीवर! पायपाला कशाला पायजे?"

याला उत्तर काय देणार? हॅक्सॉनं टोपणाखाली पाइप कापला, 110 मिलिमीटरचं काऊल (हवा जाऊ देणारी भोकाभोकांची टोपी) बसवलं, आत नायलॉनची बारीक जाळी बांधली. मग वरच्यांना फ्लश ओढायला लावून टॉर्चनं ट्रॅपमधलं पाणी बघितलं. जरा डुललं, पण खेचलं गेलं नाही. खात्रीसाठी मोरीच्या जाळीशी उदबत्ती धरली. धूर सरळ वर गेला, आत ओढला गेला नाही. काका दारातून म्हणाले, "मोरीची पूजा घातलीसा व्हय?"

काऊलचा खर्च सोसायटीनं माझ्याच नावावर टाकला. कारण आवाज माझ्या घरातून येत होता. आणि काका आता दूधवाल्याला सांगतात, "बोलल्यावर बंद झाल्या बगा गुळण्या."