फ्रिजच्या दारातली बाटली

चतुर्थीच्या आधीची साफसफाई काढली होती. फ्रिजच्या दारात, वाळक्या आल्यामागे, डोळ्यांत घालायच्या औषधाच्या पाच बाटल्या मिळाल्या. एक आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची, दोन वर्षांपूर्वीची. एक काकांनी मुंबईहून आणलेली. दोन अर्ध्यामुर्ध्या, कुणाच्या ते कुणालाच आठवेना. पाचवी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ही पोस्ट त्या पाचवीमुळे लिहितोय.

आमच्या वाडीत कुठलाही फ्रिज उघडा, एखादी बाटली मिळणारच. तापाची गोळी दुसऱ्याची घेताना माणूस निदान एकदा विचारतो तरी. डोळ्याचं औषध मात्र विरजण मागावं तसं मागून नेतात. खरं तर बहुतेक बाटल्यांवर स्पष्ट लिहिलेलं असतं की उघडल्यापासून महिन्याभरात संपवा. ते इतकं बारीक छापलेलं असतं की ज्याला वाचायची गरज तो वाचूच शकत नाही, हा विनोद वेगळा.

आधी डोळे येण्याचं बघू. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर साथ होती, आमचं घरही सुटलं नाही. आई पदर डोळ्यांवर धरून सांगायची, "माझे डोळे इले हत, माझ्याकडे बघू नको." बघून डोळे येत नाहीत. येतात ते हातातून, टॉवेलातून, उशीच्या अभ्र्यातून. काळ्या गॉगलने आजाऱ्याला उजेडाचा त्रास कमी होतो, शेजाऱ्याचं रक्षण होत नाही. साथीतले डोळे बहुतेक वेळा विषाणूमुळे येतात आणि अँटिबायोटिकच्या थेंबांना विषाणू भीक घालत नाही. आठवडा-दोन आठवड्यांत ते आपसूक उतरतं. तोवर थंड पाण्याची पट्टी, उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने चिपडं काढणं, वेगळा टॉवेल आणि सारखे हात धुणं. घट्ट पिवळा पू येत असेल तर डॉक्टर बघतील आणि औषध देतील. तान्ह्या बाळाचे डोळे आले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे.

पण आपल्याला धीर कुठला? मेडिकलवाल्याला सांगायचं, "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या." तो देतो. आणि दुसऱ्या दिवशी डोळा पांढराशुभ्र! गावभर त्या औषधाचं नाव होतं. पुष्कळदा ही किमया स्टेरॉइडची असते. लाली जाते, रोग तिथेच असतो.

आमच्या अण्णांची गोष्ट अशीच सुरू झाली. देवगडकडे आमची हापूसची कलमं आहेत. उभा जन्म उन्हात, खाऱ्या वाऱ्यात, फवारणीच्या तुषारांत गेला. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात मांस वाढलं होतं. जुनी माणसं त्याला वडस म्हणतात. होडीवर जाणाऱ्यांत आणि बागेत राबणाऱ्यांत हे भरपूर दिसतं, कारण ऊन आणि वारा. त्यावर खरा उपाय म्हणजे रुंद काठाची टोपी, गॉगल, डॉक्टरने सांगितले तर साधे ओलावा देणारे थेंब. आणि मांस बुबुळावर सरकत मध्यापर्यंत यायला लागलं तर ऑपरेशन. अण्णांना कुणीतरी बाजारातल्या एका दुकानातून एक बाटली आणून दिली. खाज गेली, लाली गेली. "दोन थेंब घातले काय कसा थंडगार वाटता." संपली की तीच परत. चिठ्ठी कुणी मागितली नाही, आम्हीही विचारलं नाही. चार वर्षं.

मग अण्णा डाव्या बाजूच्या दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागले. आम्ही म्हटलं, वय झालं. एकदा रस्ता ओलांडताना बाजूने येणारी स्कूटर त्यांना दिसलीच नाही. थोडक्यात वाचले. तरी समोरचं पेपरातलं बारीक अक्षर ते चष्म्याने धडाधड वाचायचे, मग नजर गेलीय असं कुणाला वाटणार?

कुडाळला डॉक्टरांनी डोळ्याचा दाब मोजला. साधारण १० ते २१ असायला हवा, अण्णांचा ३४. काचबिंदू. बाटली दाखवली तर डॉक्टर तिच्याकडे बघत नुसते गप्प बसले. स्टेरॉइडच्या थेंबांनी काही लोकांच्या डोळ्यातला दाब चढतो, आणि ज्यांच्या घरात काचबिंदू आहे त्यांना तो धोका जास्त. त्या दाबाने डोळ्यामागची नस मरत जाते. आधी कडेकडेचं दिसणं जातं, मधलं शेवटपर्यंत टिकतं. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालही होत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली फक्त राखता येते.

माझं भांडण इथंच आहे. लाल डोळा घेऊन आपण धावत सुटतो, तो बऱ्याचदा आपोआप बरा होणारा असतो. आणि न दुखता नजर जात असते तेव्हा आपण "वय झालं" म्हणून ओसरीवर बसून राहतो. मधुमेहाचंही तेच. डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा होत असते आणि माणसाला सगळं छान दिसत असतं. म्हणून वर्षातून एकदा थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा तपासायचा. त्या थेंबांनी चार-सहा तास धूसर दिसतं, तेव्हा जाताना कुणाला तरी बरोबर न्या, स्वतः गाडी चालवत येऊ नका.

स्टेरॉइड वाईटच असतं असं मी म्हणत नाही. आईच्या ऑपरेशननंतर तिलाही ते होतं, पण ठरलेले आठवडे आणि हळूहळू कमी करत. ओळखायची एक सोपी खूण सांगतो. बाटलीवरच्या घटकांत नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'लोन' दिसलं, म्हणजे डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय एक थेंबही नको. आणि कुणी डॉक्टरच्या सांगण्यावरून घेत असेल तर हे वाचून परस्पर बंदही करू नका.

आपल्याकडे खरंच धावत जायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. भात झोडताना डोळ्यात कुसळ गेलं, नारळाचं झाप लागलं, तर लोक चोळतात आणि फ्रिजमधली बाटली शोधतात. झाडापाल्याच्या जखमेतून बुबुळात बुरशी शिरते. काही दिवसांनी पांढरा ठिपका दिसतो, डोळा ठणकतो, उजेड सहन होत नाही. त्यात स्टेरॉइड पडलं तर बुरशीला मेजवानी, आणि मागे बुबुळावर कायमचं फूल. तंबाखूच्या चुन्याची ट्यूब पोरांच्या हातात देऊ नका. दाबली की फुटते आणि चुना थेट डोळ्यात. चुना, फवारणीचं औषध, काजूबीचं तेल, काहीही उडालं तर आधी नळाखाली डोळा धरायचा. पंधरा-वीस मिनिटं, घड्याळ लावून, पापणी उघडून. मग गाडी काढायची. आधी गाडी शोधत बसलं तर चुना तेवढा वेळ आत जाळतच असतो.

डोळा दुखून उलट्या होत असतील, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर सकाळची वाट बघू नका.

घरगुती उपायांना मी सरसकट नावं ठेवत नाही. रांजणवाडीला गरम फडक्याचा शेक आजी द्यायची, डॉक्टरही तेच सांगतात. फक्त फोडू नका. शेवग्याचा पाला, पपई, आंबा खा, अ जीवनसत्त्व मिळतं. पण मध, एरंडेल, गोमूत्र, बाळंतिणीचं दूध, यातलं काहीही डोळ्यात नको. (मी लहानपणी मध घालून घेतलाय. ती आग अजून आठवते.) मोबाइलने डोळे कोरडे होतात कारण आपण पापण्या मिटायला विसरतो. वीस मिनिटांनी समोरच्या माडाच्या शेंड्याकडे बघा, फुकट आहे. निळा उजेड अडवणाऱ्या काचेच्या महागड्या चष्म्याने डोळ्यांचा शीण कमी होतो असं काही सिद्ध झालेलं नाही.

आता अण्णांना रोज रात्री नऊला एक थेंब. एकच. दुसरा गालावरून ओघळतो, डोळ्यात तेवढी जागाच नसते. थेंब घातला की डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दर तीन महिन्यांनी कुडाळची एसटी.

डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू घराण्यातून येतो, तेव्हा भावंडांनी आणि चाळिशीपुढच्या मुलांनी तपासून घ्या. मी तपासलं, दाब ठीक आहे. काका फोनवर म्हणाले, "माका सगळा दिसता रे." अण्णांनाही सगळं दिसायचं. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्याच दिवशीची वेळ मी त्यांच्या नावाने घेऊन ठेवलीय, अजून त्यांना सांगितलेलं नाही. आणि येताना परत बाटली घेऊन आले, तर ती फ्रिजपर्यंत पोचणार नाही.