बाबलदादाचं मशीन कुठल्या बॅगेत?

वेंगुर्ल्याच्या बंदराजवळच्या कट्ट्यावर काल बाबलदादाच्या मस्कतवारीवरून चांगलीच जुंपली. दादा लेकीकडे निघालाय. गोव्याच्या मोपा विमानतळावरून मुंबई, तिथून रात्रीचं विमान. आणि दादाला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकायचा आजार. मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन लावल्याशिवाय झोप नाही.

"मोठ्या बॅगेत घाल नि सोड. हातात कित्याक वागवतंस?" सदू म्हणाला.

मी ताडकन म्हटलं, अजिबात नाही. मलाही हाच आजार, गेल्या वर्षी मी तेच केलं. बॅग दोन दिवस उशिरा आली.

"दोन रात्री नाय लावलंस तर काय जाता?"

काय जातं? झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, श्वास दहा-दहा सेकंद, कधी त्याहून जास्त थांबतो. त्या दोन रात्री बायको उशाशी बसून माझे श्वास मोजत होती. सदू गप्प झाला.

दादाने पिशवी उघडून मशीन कट्ट्यावर ठेवलं. हवा दमट करायच्या पाण्याच्या डबीत दोन बोटं पाणी तसंच! हे पाणी वाटेत कलंडून आत मोटारीत गेलं की मशीन बाद. ओतून, पुसून कोरडी केली डबी.

मग बॅटरी. बारीक अक्षरं मोबाइलच्या उजेडात वाचली: 24 व्होल्ट, 4 अँपिअर-अवर. गुणाकार 96 वॉट-अवर. शंभरच्या आत, म्हणजे हातातल्या बॅगेत चालेल. 100 ते 160 असती तर विमान कंपनीची परवानगी लागली असती. पण सुटी लिथियम बॅटरी मोठ्या बॅगेत चालतच नाही. पेटली तर केबिनमध्ये निदान कुणाच्या लक्षात तरी येते.

नंदूचा मुद्दा मात्र खरा होता. "सीटकडे प्लग असलो तरी त्याच्यार मशीन चलात कशावरून? आधी विचारूक होया." बरोबर. विमानात मशीन लावायचं तर कंपनीला आधी कळवायचं, डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवायची. आणि विमानात दारू घ्यायची नाही. तिने घसा आणखी सैल पडतो.

दादा बराच वेळ नळी गुंडाळत बसला होता. हळूच म्हणाला, "सगळ्यांसमोर तोंडाक मास्क लावन झोपूचा... लोक बघतत रे."

खरी अडचण ही होती. मी म्हटलं, "बघू देत दादा. सकाळी विमानतळावर लेक तुझ्या तोंडाकडे बघतली. रात्रभर गुदमरलेलो बाप दिसाक नको तिका."

सदूने मशीन उचलून छोट्या बॅगेत नीट बसवलं, बॅटरी बाजूच्या कप्प्यात. मग म्हणाला, "कंपनीचो नंबर दी. मी फोन लावतंय."