गोल झाला तरी ओरडायचं नाही

१८ डिसेंबर २०२२. फुटबॉल वर्ल्ड कपची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल, ३-३, मग पेनल्टी. आम्ही अकरा जण परभणीत एका टपरीमागं एकाच मोबाईलवर डोकी लावून बसलेलो. अर्जेंटिनाचा माँटिएल शेवटची पेनल्टी मारायला धावला आणि नेमकं तेव्हाच नेट अडकलं. चक्र फिरतंय, फिरतंय. मेस्सीनं कप जिंकल्याचं आम्हाला पलीकडच्या गल्लीतल्या फटाक्यांवरून कळलं!

तेव्हापासून एकच मागतोय, एक खोली द्या राव. भिंतीवर पडदा, खाली सतरंजी, लाईट गेली तर इन्व्हर्टर. भाडं वर्गणी काढून देतो. तर म्हणे पोरं दंगा करतील. क्रिकेटची फायनल असली की भर चौकात स्क्रीन लागतो, तेव्हा नाही होत दंगा?

चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या स्पर्धेच्या, मॅचा आपल्याकडं रात्री साडेबारा, नाहीतर दीडला. घरी आवाज बंद करून बघायच्या, कारण शेजारी आजी झोपलेली. गोल झाला की उशीत तोंड खुपसायचं. अरे, गोल झाल्यावर कुणाच्या तरी गळ्यात पडायचं असतं!

गेल्या आठवड्यात एका मंगल कार्यालयात विचारलं. हॉल रिकामाच होता. मालक म्हणाले, "फुटबॉल? इथं कोण बघतंय?"

आम्ही अकराच्या अकरा समोर उभे होतो.