‘यूपीआयची तळी उचलता’ या प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

दादा, नमस्कार. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की घरखर्चाचा आणि पोरांच्या फीचा पैसा क्रिप्टोत घालू नका, रोजच्या व्यवहाराला यूपीआय पुरे. त्यावर तुम्ही लिहिलंत की मी सरकारची आणि बँकांची तळी उचलतोय, यूपीआयवर पण रोज लोक फसतायत, बँक वाटेल तेव्हा खातं गोठवते, आणि तुमचा भाऊ दुबईहून यूएसडीटी (डॉलरच्या किमतीला बांधलेलं क्रिप्टो) पाठवतो ते दहा मिनिटांत पोचतात मग लोकांना घाबरवता कशाला. कमेंट तिखट आहे पण विचार करून लिहिलेली आहे, म्हणून नीट उत्तर देतोय.

लोक फसतात हे शंभर टक्के खरं. मी बघतो ते एवढंच की पैसे अडकले किंवा गेले तर कुणाची कॉलर धरायची. यूपीआयवर खात्यातून पैसे कटले आणि समोरच्याला पोचलेच नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला पाहिजेत, दुकानदाराला केलेलं पेमेंट असेल तर पाच दिवसांत, आणि त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीसुद्धा आपण न मागता. २०१७ चं एक परिपत्रक आहे, त्यात तुमची काही चूक नसताना बाहेरच्याच कुणी खात्यावर डल्ला मारला आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलंत तर तुमच्यावर एक रुपयाचीही जबाबदारी येत नाही. बँक दाद देत नसेल तर ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही. हे सगळं आपोआप होतं असं नाही, भांडावं लागतं, आणि पिन स्वतःच टाकून फसलात तर हा नियम फारसा उपयोगी पडत नाही. पण भांडायला कागद हातात असतो.

आता दुसरी बाजू बघा. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजचं वॉलेट, म्हणजे लोकांचं क्रिप्टो ठेवायचं डिजिटल पाकीट, हॅक झालं, साधारण २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपये गेले. चोरीला गेले ते इथेरियम या क्रिप्टोच्या नेटवर्कवरचे टोकन, पण ज्यांच्याकडे ते नव्हतेच त्यांचेही पैसे अडकले, कारण तोटा सगळ्यांत वाटायचं ठरलं. प्रकरण कुठे गेलं तर सिंगापूरच्या कोर्टात, कारण मूळ कंपनी तिथली. नाशिकच्या किंवा लातूरच्या माणसाने तिथे जाऊन काय करायचं? व्यवहार परत सुरू व्हायला वर्षाच्या वर गेलं. ऑक्टोबर २०२५ मधे मद्रास हायकोर्टाने अशाच एका ग्राहकाच्या बाजूने आदेश दिला, तिच्याकडे एक्सआरपी नावाचे कॉइन होते जे चोरीला गेलेच नव्हते, आणि कोर्टाने स्पष्ट म्हटलं की क्रिप्टो ही मालमत्ता आहे. हा निकाल तुमच्या बाजूचा आहे आणि मला तो मनापासून पटला. पण ती कोर्टात गेली म्हणून. बाकीचे लाखो लोक नुसती ईमेलची वाट बघत बसले.

तुम्ही म्हणाल एक्स्चेंजवर ठेवायचंच कशाला, स्वतःच्या वॉलेटमधे ठेवा. बरोबर आहे, ज्याला झेपतं त्याने तेच करावं. पण मग वॉलेट परत उघडायला लागणारे ते १२ किंवा २४ गुप्त शब्द घरात अजून कुणाला माहीत आहेत का? बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, मृत्यूचा दाखला आणि केवायसी घेऊन बायको खात्यातले पैसे काढू शकते. वॉलेटचे शब्द हरवले तर कुठल्याच काउंटरवर अर्ज चालत नाही.

खातं गोठवण्याबद्दल मात्र तुमचा राग अगदी योग्य आहे आणि माझाही तेवढाच आहे. आमच्या भागात भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत. कुणीतरी क्यूआर स्कॅन करून भाजी नेली, किरकोळ रक्कम, आणि ते पैसे निघाले दुसऱ्या राज्यातल्या कुठल्या तरी फसवणुकीतले, तिथे तक्रार झाली आणि मावशींचं अख्खं खातं बंद. सकाळी मार्केटला माल उचलायला पैसे नाहीत, मुलाच्या क्लासची फी त्याच खात्यात, आणि बँकेतून उत्तर काय तर सायबर पोलिसांना विचारा. जेवढी रक्कम वादातली तेवढीच रोखून धरायची सोडून पूर्ण खातं गोठवणं हा सरळ अन्याय आहे, यावर मी आधीही लिहिलंय आणि पुढेही लिहिणार.

पण दादा, याच कारणाने मला तुमच्या भावाच्या यूएसडीटीची जास्त काळजी वाटते. ते पोचतात दहा मिनिटांत, मान्य, पण त्याचे रुपये करताना तुम्ही पीटूपीवर, म्हणजे थेट कुणा अनोळखी माणसाला, विकता ना? समोरचा खरेदीदार तुमच्या खात्यात जे पैसे टाकतो ते त्याचेच आहेत कशावरून? फसवणुकीचा पैसा फिरवणाऱ्यांना पीटूपी फार सोयीचं पडतं. कुणाचे तरी लुटलेले पैसे तुमच्या खात्यात येणार, यूएसडीटी त्याच्याकडे जाणार, आणि पोलीस पैशाचा माग काढत येणार ते तुमच्या दारात. मावशींकडे निदान सांगायला आहे की मी भाजी विकली. तुम्ही काय दाखवणार?

टॅक्सचं थोडक्यात. एका कॉइनमधे लाखाचा नफा आणि दुसऱ्यात लाखाचा तोटा झाला तरी तोटा वजा करता येत नाही, ३० टक्के अधिक सेस म्हणजे ३१,२०० रुपये भरायचे, हातात शून्य आलेलं असताना. २०२२ पासून हेच चाललंय. शेअरला एक न्याय आणि याला दुसरा, हे चूकच आहे, इथे आपलं एकमत.

बाकी भावाला सांगा की घरी पाठवायचे पैसे बँकेतून किंवा तिथल्या परदेशी पैसे पाठवणाऱ्या एक्स्चेंज हाऊसमधून पाठव, चार पैसे जास्त गेले तरी चालतील पण पावती राहते. आणि तुमचं खातं आधीच गोठलेलं असेल, कमेंटच्या सुरावरून मला तसं वाटलं, तर बँकेकडून लेखी मागून घ्या: तक्रारीचा नंबर, कुठलं पोलीस ठाणं आणि वादातली नेमकी रक्कम किती. त्या ठाण्याला ईमेलने अर्ज करा, व्यवहाराचे स्क्रीनशॉट आणि चॅट जोडा, आणि तेवढीच रक्कम रोखून बाकी खातं मोकळं करा अशी मागणी करा, प्रत बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. अर्ज लिहायला अडचण आली तर इथेच सांगा, मी मसुदा करून देतो.