हिरवा दिवा म्हणजे बॅटरी फुल्लच, असं नाही

‘चार्जर लावताच हिरवा दिवा लागला तर बॅटरी फुल्ल,’ असा इलेक्ट्रिक गाड्यांबद्दलचा मेसेज बेळगाव-निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. तो अर्धवट आहे. लाल-हिरव्या दिव्याच्या साध्या चार्जरमध्ये हिरवा एवढंच सांगतो की करंट जवळजवळ वाहत नाही. गाडीला न जोडताही तो हिरवाच असतो. त्यामुळे गाडी फिरवून आणल्यावरही लाल येत नसेल, तर बिघाड धरा: पिन सैल, फ्यूज उडालेला, एमसीबी (जास्त करंट आला की पडणारा स्विच) पडलेला किंवा बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने) बॅटरीचं कनेक्शन तोडलेलं. खानापूरकडच्या पावसात पिनांवर गंज चढतो, आधी तो बघा. नंतर बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. १३ सेलांची ४८ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी ५४.६ व्होल्टला फुल्ल होते. ४६ म्हणजे बरीच रिकामी. लेड-ॲसिड या दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीचा चार्जर मात्र तिला कधीच लावू नका.