ओला रुमाल

ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईतील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा ज्यांनी उभ्या जन्मात तिच्यात बसून केवळ सुट्ट्या पैशांवरून वाद घातला होता, त्यांचेही गळे दाटून आले. ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचे आयुष्य असते, एवढाच तो हिशेब. परंतु आमच्या मेहुण्यांनी त्यावरून ‘जुन्या गाड्या कधी दगा देत नसत’ असा सिद्धान्त मांडला आणि पुढचे दोन महिने प्रत्येक जेवणात तो वाढला.

आमच्या घरीही एके काळी जुनी गाडी होती. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० अवतरली, त्यापूर्वी मध्यमवर्गासमोर मुख्यत्वे दोनच पर्याय असत : कुर्ल्याची पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अॅम्बेसिडर. त्यांपैकी आमची कोणती, हे मी सांगणार नाही, कारण दोघींचे भक्त अजून हयात आहेत आणि त्यांतले काही आमच्या नात्यात आहेत. दोघींचाही गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच असे व पुढची सीट बाकासारखी सलग असल्यामुळे तिथे तिसरा माणूस कोंबता येत असे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

बाबांची त्या गाडीवर अपार श्रद्धा होती. तिच्या डिकीत स्टेपनीखेरीज फॅनबेल्ट, पाण्याचा कॅन, पॉलिशपेपर आणि एक जुने पोस्टकार्ड कायम असे. पॉलिशपेपरने डिस्ट्रिब्यूटरमधले, म्हणजे इंजिनच्या ठिणगीची वेळ साधणाऱ्या डबीतले, पॉइंट घासायचे आणि पोस्टकार्ड त्यांच्या फटीत सरकवून अंतर बेतायचे, ही विद्या त्यांनी मिस्त्रींकडून घेतली होती. मिस्त्रींचे निदान मात्र बहुधा एकाच शब्दात असे : ‘कचरा.’ मग पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी, काढून ते त्यात तोंडाने फुंकर मारत आणि गाडी खरोखर सुरू होई.

उन्हाळ्यात घाट चढताना गाडी खोकून थांबली, की बाबा रुमाल भिजवून पेट्रोलपंपावर घालीत. हा पंप म्हणजे रस्त्यावरचा नव्हे. इंजिनलाच बोल्टने जखडलेला, मुठीएवढा. इंजिनच्या उष्णतेने त्यातील पेट्रोलची वाफ होई आणि पंप द्रवाऐवजी बुडबुडे ओढत बसे. ओल्या फडक्याने तो थंड झाला, की वाफेचे पुन्हा पेट्रोल होई. तोवर आम्ही मुले घाटातील माकडांना चिवडा घालीत असू. माकडे आम्हाला ओळखत असावीत, असा माझा संशय आहे.

ही सारी पार्श्वभूमी एवढ्यासाठी, की २०२३च्या त्या डिसेंबरात कऱ्हाडच्या लग्नाला निघालेलो आम्ही शिरवळजवळ चहाला थांबलो, गाडीला कुलूप केले, चहा घेतला, आणि परत आल्यावर गाडीने आम्हाला ओळखण्यास नकार दिला. ही गाडी नवी, दोन वर्षांची होती. चावी माझ्या हातात होती. मात्र तिला चावी म्हणणे हा भाषेचा औदार्यभाव, कारण ती साबणाच्या वडीसारखी एक डबी होती आणि तिच्यावरचे बटण दाबले असता काहीही होत नव्हते. गाडीत कपडे, आहेर, पाण्याच्या बाटल्या आणि अशा प्रसंगी काय करावे याचे तीनशे पानी पुस्तक सुरक्षित होते.

मी मदतकेंद्राला फोन लावला. एका सुस्वर यंत्राने मला भाषा निवडायला लावली, मी मराठी निवडली, आणि यंत्राने हिंदीत सांगितले की माणूस दीड तासात पोहोचेल. मेहुण्यांनी ‘म्हणून मी म्हणत होतो’ अशी सुरुवात केली. एवढ्यात बाबा, वय वर्षे ब्याऐंशी, हॉटेलच्या नळावर रुमाल भिजवून आले आणि अत्यंत गंभीरपणे त्यांनी मला विचारले, “कुठे ठेवायचा?”

मला उत्तर देता येईना. ठेवायला जागाच नव्हती. एप्रिल २०२०पासून गाड्यांच्या धुरावर भारत स्टेज सहाचे निकष आले. इंजिनात किती पेट्रोल जावे हे त्यापूर्वीच संगणक ठरवू लागला होता, आणि आता तर बॉनेट उघडले तरी दिसते ते एक काळे झाकण. फुंकर मारायला भोक नाही, घासायला पॉइंट नाहीत.

आमची सुटका केली ती चहाच्या टपरीवरच्या पोराने. “काका, सेल गेलाय,” असे म्हणत त्याने डबीच्या कडेची खिटी सरकवली आणि तिच्या पोटातून चक्क एक लोखंडी चावी काढली. दाराच्या मुठीवरचे टोपण उचकटून त्याने ती फिरवली. दार उघडले आणि गाडी चोर आल्यासारखी बोंब मारू लागली. हॉटेलातील सर्व वऱ्हाडे बाहेर आली. “आता डबी गाडीच्या स्टार्ट बटणाला टेकवा आणि ते बटण दाबा,” पोराने शांतपणे सांगितले. मी तसे केले. बोंब थांबली, इंजिन सुरू झाले. डबीतल्या चिपला ओळख पटवण्यापुरती वीज गाडीच देते, सेल लागत नाही, हे मला नंतर त्या पुस्तकात पान दोनशे चौदावर सापडले. त्याच पानावर असेही होते, की सेल संपत आल्यास गाडी पडद्यावर तशी सूचना देते. ती तिने तीन आठवडे रोज दिली होती. सीटबेल्ट, टायरची हवा आणि माझी झोप यांविषयीच्या सूचनांसोबत मी तीही रोज खोडत होतो. सीआर २०३२ हा सेल घड्याळजीकडे पन्नास रुपयांना मिळाला.

परतल्यावर मेहुण्यांचा सिद्धान्त कायमचा मिटवावा म्हणून मी बाबांची जुनी डायरी काढली. पेट्रोल आणि दुरुस्ती यांच्या नोंदी ते अजूनही तीतच करतात. १९८७ या एका वर्षात गाडी रस्त्यात चौदा वेळा बंद पडली होती. ‘वॉटरपंप.’ ‘कचरा.’ ‘घाट, रुमाल.’ ‘वॉटरपंप, पुन्हा.’ मेहुण्यांनी ते पान शांतपणे वाचले आणि म्हणाले, “पण पोहोचलात ना प्रत्येक वेळी?”

मी शेवटचे पान उघडले. बाबांच्या थरथरत्या अक्षरात तिथे ताजी नोंद होती : ‘शिरवळ. चावीचा सेल. रु. ५०. रुमाल भिजवला, उपयोग झाला नाही.’