‘क्ष’ शोधून काय मिळतं? – ‘एक पालक’ यांना उत्तर

नमस्कार,

बीजगणितावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली, तेव्हा निम्मी पटली. बीजगणिताच्या पहिल्या वर्षात मुलं ‘विचार करायला शिकतात’ हे माझं वाक्य तुम्हाला पोकळ वाटलं. तुमच्या मुलीला ‘बाजू बदलली की चिन्ह बदलायचं’ एवढंच येतं, तुम्हाला स्वतःला शाळेनंतर एकदाही क्ष शोधावा लागला नाही, आणि त्यापेक्षा व्याज शिकवावं, असं तुम्ही लिहिलंत.

चिन्हाचं तुमचं म्हणणं मान्य. क्ष + 7 = 12 मधला 7 पलीकडे जाऊन उणे होतो, असं सांगितलं की ती जादू वाटते. 7 कुठेही जात नाही. दोन्ही बाजूंतून 7 वजा केले, इतकंच. गंमत म्हणजे ‘अल्जेब्रा’ हे नाव या बाजू बदलण्यावरूनच पडलंय. 820च्या सुमारास अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने लिहिलेल्या ग्रंथाच्या नावात ‘अल-जब्र’ आहे. वजा असलेली राशी दोन्हीकडे मिळवून समीकरण पूर्ववत करणं, हा त्याचा अर्थ. विषयाला जिच्यावरून नाव मिळालं, तीच क्रिया आपण मुलांकडून घोकून घेतो.

पण खरी अडचण त्याच्याही आधी आहे. 8 + 4 = ▢ + 5 हे गणित दिलं की पुष्कळ मुलं चौकटीत 12 लिहितात, काही 17. ती हुशार नसतात म्हणून नव्हे. तोवर ‘बरोबर’चं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असा हुकूमच त्यांनी पाहिलेला असतो. ते चिन्ह ‘दोन्हीकडे सारखंच आहे’ असं काही सांगतंय, हे बीजगणितात पहिल्यांदा अंगवळणी पडतं, आणि त्याला महिने लागतात. हे मी लेखात एका ओळीत उरकलं, ती चूक माझी.

आता क्ष. तो शोधायचाच असतो, हाही अर्धाच विषय. सलग तीन पूर्ण संख्यांच्या बेरजेला 3 ने नेहमी भाग जातो का? मुलं 4, 5, 6 घेतात; मग 10, 11, 12. जातो. पन्नास उदाहरणं केली तरी एक्कावन्नाव्याची शंका उरतेच. मधल्या संख्येला म म्हणा: (म − 1) + म + (म + 1) = 3म. संपलं. इथे म शोधायचा नाही, तो कुठे लपलेलाही नाही. भास्कराचार्य बाराव्या शतकात पहिल्या अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत, म्हणजे ‘जितकं असेल तितकं’. (पुढच्या राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. मला तरी ती क्ष, य पेक्षा आवडतात.) मुलांना अक्षराचा हा ‘जितकं असेल तितकं’ अर्थ उमगला, तर पहिलं वर्ष सार्थकी लागलं असं मी धरतो.

व्याज जरूर शिकवा. मुद्दल, दर, मुदत दिलेली असताना सरळव्याज काढणं हे अंकगणित. पण व्याज ठाऊक आहे आणि मुदत हवी आहे, तर? सूत्र उलटं फिरवावं लागतं. तिथे तुम्ही क्ष शोधलेला असतो, फक्त त्याला मुदत म्हटलेलं असतं.

एक गोष्ट मात्र लेखात यायलाच हवी होती: ताळा. (अ + 3)² = अ² + 9 असं लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. अ च्या जागी 1 ठेवायला सांगितलं की डावीकडे 16 येतात, उजवीकडे 10. चूक मला दाखवावी लागत नाही, पुस्तकामागची उत्तरंही उघडावी लागत नाहीत.

मुलीपुढे ते चौकटीचं गणित ठेवून बघा. काय लिहिते, आणि का म्हणून विचारल्यावर काय सांगते, ते इथे नक्की कळवा.